एक ठोका उशिरा

रविवार, संध्याकाळ

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी आज राहनाळच्या गोडाऊनवर प्रॅक्टिसला गेलो. आमच्या बँडची रीतच अशी, ज्याला ड्युटी नसेल त्याने यायचं आणि मोबाइलवरचं आमचं जुनं रेकॉर्डिंग ऐकून रॉकची गाणी बसवायची. आज ओळखीचा एकटा मुश्ताकभाई, ड्रमवर. बाकी सगळे नवे.

त्या रेकॉर्डिंगमध्ये बेस गिटार मी वाजवली आहे. गिटारचा सोलो संपल्यावर मी एक ठोका उशिरा येतो. चूकच ती. घरी पडल्या पडल्या मूळ गाणं ऐकून एवढा एक ठोका सुधारला होता.

आज वेळेवर आलो आणि सगळे थांबले.

"काका, लवकर आलात," गिटारवाली श्वेता म्हणाली.

मी मुश्ताकभाईकडे पाहिलं. त्याला तर सगळं माहीत आहे.

"जाऊ दे रे," तो म्हणाला, "आता सगळ्यांचं तसंच बसलंय."

राग यायला हवा होता का? काहीच वाटलं नाही. पुन्हा वाजवताना एक ठोका थांबलो. सगळं जुळलं.

"आता बरोबर," श्वेता म्हणाली. "काका, जरा रेकॉर्डिंग ऐकत जा."

ऐकतो म्हटलं.