गुडघ्याचं मशीन

चि. अनुसयेस, अक्काचे भरभरून आशीर्वाद.

मी इथे पिंपळे गुरवला बरी आहे, काळजी करू नकोस. फोनवर बोलताना माझा निरंजन शेजारीच बसलेला असतो, म्हणून कागदावर लिहिते.

त्याने माझ्या गुडघ्यांसाठी करंटचं मशीन घरीच आणलंय. पट्ट्या चिकटवल्या की झिणझिण्या येतात आणि घटकाभर दुखणं दबतं. फिजिओथेरपीच्या बाईंनी बजावलं होतं, "आजी, याने झीज भरून येत नाही. दुखणं कमी असेल तेव्हा व्यायाम करा, ओट्याशी फार उभ्या राहू नका."

निरंजनने त्यातलं 'दुखणं कमी' एवढंच ऐकलं. आता त्याच्या चाकणच्या कंपनीतल्या दोन मित्रांचे डबेही मीच करते. पहाटे आधी मशीन, मग चपात्या. मित्र म्हणतात, काकूंच्या हाताला चव आहे. पाय कुणाला दिसतात?

तुझं ते पायाने अधू वासरू उभं राहिलं का गं? त्याला घाई करू नकोस.

हे घरात कुणाला वाचून दाखवू नकोस. निरंजन वाईट नाही. मशीन बंद झालं की टिंग वाजतं आणि तो बाहेरून लगेच विचारतो, "झालं का, आई?" दुखायचं थांबलं का, असं मात्र अजून एकदाही विचारलं नाही.

तुझीच,
दुर्गाअक्का