भाषाशास्त्राच्या शाखा आणि घरातला अबोला

२ जानेवारी १९५७, सकाळ
नव्या वर्षाचा संकल्प : भाषाशास्त्र. पोस्टातून रिटायर झाल्यावर माणसानं गंजत बसू नये. काल मुलुंड स्टेशनाबाहेर वाचनालयाचे सेक्रेटरी श्यामसुंदरराव भेटले. वीस तारखेच्या व्याख्यानाला वक्ता मिळेना म्हणाले. म्हटलं, मी आहे की! विषय जागच्या जागी सांगून टाकला, ‘भाषाशास्त्राच्या मुख्य शाखा’. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. भारावले असावेत.
फोर्टातल्या फुटपाथवरून आणलेलं इंग्रजी पुस्तक आहेच. शेवटची पानं फाटून गेलीत. पण शेवट कोण वाचतं? अंदाज येतोच.

४ जानेवारी
पहिली शाखा ध्वनी. आवाज कसा निघतो, जीभ कुठं टेकते. जानकीला म्हटलं, आ वासून ठेव आणि ‘ळ’ म्हण. मी बॅटरी घेऊन बघत होतो. म्हणाली, “त्यापेक्षा माझी दुखरी दाढ बघा!” आ वासून ‘ळ’ म्हणता येत नाही, हा शोध लागला. पुस्तकात नाही.

६ जानेवारी
दुसरी शाखा रूप : शब्द कसा घडतो, त्याला काय काय चिकटतं. तिसरी वाक्यरचना : कोणता शब्द कोणाच्या मागं उभा राहतो. दोन्ही एका दुपारी उरकल्या. मध्ये डोळा लागला होता, पण थोडाच.
चौथी अर्थ. जानकी रागावली की “काही नाही” म्हणते. त्याचे अर्थ गोळा करतोय. त्यात ‘काही नाही’ हा अर्थ अजून सापडलेला नाही.

८ जानेवारी
घबाड! पाचवी शाखा बोली : एकच भाषा जागोजागी कशी निराळी होते. तिचा नमुना घरातच निघाला.
शेजारी नवं बिऱ्हाड आलंय. काशीराम मालवणकडचा, मिलमध्ये असतो. बायको सुगंधा. मागे धुण्याच्या दगडावर जानकी तिला म्हणत होती, “काय गो सुगंधा, आज बांगडे नाय हाडलंस?” (हाडणं म्हणजे आणणं.) आणि हसत होती, अगदी खळखळून. आमची जानकी! तिचं माहेर मालवणचं हे ठाऊक होतं. पण तीस वर्षांच्या संसारात हे बोलणं कधी कानावर आलं नव्हतं.
विचारलं. म्हणाली, “लग्न होऊन गिरगावात आले, तोंड उघडलं, तर सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या, इथल्या माणसांत इथलंच बोलावं. मग सोडलं.”
आईचा हेतू चांगलाच असणार. शिवाय यात शास्त्रीय काही नाही.
उद्यापासून दाराआड उभं राहून नमुने टिपायचे.

११ जानेवारी
श्यामसुंदरराव दोन सभासदांना घेऊन चहाला आले. जानकीला म्हटलं, ते बांगड्याचं जरा म्हणून दाखव बघू. ती हातात ट्रे घेऊन नुसती उभी. लाजली. मग मीच नक्कल केली, हातवाऱ्यांसकट. मंडळी पोट धरून हसली. व्याख्यान झकास रंगणार. वीस तारखेला जानकीला स्टेजवर बसवायची, जिवंत नमुना म्हणून. तसं सर्वांसमक्ष जाहीरही केलं.
माझ्या चहात साखर नव्हती.

१२ जानेवारी
जानकी माझ्याशी बोलत नाही. गॅलरीत डब्यातल्या तुळशीकडे बघून म्हणाली, “पाणी तापलंय म्हणावं.” वाक्यरचनेचं काय सुंदर उदाहरण! सांगायचं एकाला, बोलायचं दुसरीशी. तिलाही विषयाची गोडी लागली म्हणायची.

१४ जानेवारी, संक्रांत
दारात येईल त्याला “तिळगूळ घ्या, गोड बोला” चाललं होतं. माझ्या हातावर लाडू ठेवला आणि वळली. शब्द नाही. लाडूही दगड झाला होता.
दुपारी दाराआड उभा होतो. सुगंधा विचारत होती, “काय गो वैनी, माज्यावर रागावलंस?” जानकी म्हणाली, “नाही हो. बरं आहे ना तुमचं?”
सुगंधेला ‘अहो’! नमुने बंद. माझ्या व्याख्यानाची वाट लागली.

१७ जानेवारी
काशीराम दारात. “नानानू, वैनीक काय बोललास तुमी? माजी बायल रडता. मुंबयत तिका येकच माणूस गावलला, ता पण गप झाला.”
त्याला बसवून पाच शाखा समजावून दिल्या. म्हणाला, “शाखा ऱ्हवांदेत. आधी तिच्याशी बोला.”
बोलणारच होतो. व्याख्यान आटोपलं की.

२० जानेवारी, संध्याकाळ
व्याख्यान झालं. गर्दी बेताची. जानकीसाठी स्टेजवरची खुर्ची राखली होती, तिच्यावर शेवटी कुणी तरी छत्री ठेवली. बांगड्याची नक्कल सुरू केली, तर मागे काशीराम आणि सुगंधा दिसली. सुगंधा पदराच्या टोकाकडे बघत होती. माझा हात वर होता तो तसाच राहिला. मग पाणी प्यालो.
सहावी शाखा ऐतिहासिक. वेळेअभावी गाळतो म्हणालो. वेळ भरपूर होता.

२१ जानेवारी
आता कुचराई नाही. काशीरामकडून एक वाक्य घोटून घेतलं. जीभ नीट टेकते, शब्द नीट, क्रम नीट. हसेलच ती. उद्या नक्की.

२२ जानेवारी, दुपार
जानकी पोळ्या लाटत होती. समोर उभा राहिलो आणि म्हटलं, “जानकी, माका तुज्याशी बोलूचा आसा.”
लाटणं थांबलं. तिनं माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मला वाटलं, जमलं.
मग खिडकीतून तुळशीकडे वळून ती शांतपणे म्हणाली, “इथल्या माणसांत इथलंच बोलावं म्हणावं.”
पोळी वाढली. तूपही वाढलं. जेवलो.
नंतर सहावी शाखा वाचायला पुस्तक काढलं. बोलणं काळाबरोबर कसं बदलतं, जुनं कुठं जातं, कुणामुळं जातं. ते सगळं शेवटच्या प्रकरणात आहे, असं अनुक्रमणिका सांगते.
ती पानं नाहीत.