डब्यातली साखर

सदाशिव पेठ, पुणे
१८ नोव्हेंबर २०२४

चि. तनया हिस,
श्यामलाआत्याचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझे मेसेज पोचले. व्हॉइस नोटही ऐकली, त्यात तू नुसतीच हसली आहेस. मी मात्र पत्रच लिहिणार. फोनवर बोललेलं तू पाच मिनिटांत विसरतेस, आणि पत्र निदान आईला वाचून तरी दाखवतेस.

तुझ्या ऑफिसने दिलेले जुने लॅपटॉप आणि ते दोन टॅब उत्तम चालले आहेत. पूर्वी कुणाला अळणी, कुणाला वांगं चालत नाही, कुणाला मधुमेह, हे सगळं आपल्या स्वयंपाकघरातल्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असायचं. कुणाची तरी पाठ टेकली की अर्धे आजार पुसले जायचे. एकदा तर शिरा नको त्याच माणसाला गेला होता. आता चैताली डबे घेऊन स्कूटरवरून निघते ती टॅब बघत, आणि दारात उभी राहून कुणाला काय ते बरोबर सांगते. यंत्रांविषयी मी जे काही बोलले होते ते मागे घेते. एकदाच घेते आहे, पुन्हा विचारायचं नाही.

आमच्या डब्यांवरची तुझी फिल्म तर घरोघर गेली. आम्ही पाचजणी पेठांमधल्या एकट्या म्हाताऱ्यांना संध्याकाळचा डबा पोचवतो, एवढंच आमचं काम. तुझ्या फिल्ममुळे त्याचं एकदम समाजकार्य झालं. काल देणगीतून फ्रीज आला. मोठा, दोन दारांचा. नवी शेगडीही येते आहे. खालच्या मजल्यावरच्या अक्षताने आयुष्यात पहिल्यांदा मला जिन्यात नमस्कार केला.

एक बारीकशी गोष्ट. फिल्ममधले आपले दादामियाँ टेलरमास्तर, मंडईमागच्या खोलीत राहणारे, त्यांचा डबा आज रिकामा परत आला. म्हणजे जेवले होते, डबा घासून पुसून ठेवला होता, पण आत काही नव्हतं. तुला माहीत आहे ना, त्यांचा डबा त्यांचा स्वतःचा आहे. वर त्यांच्या बायकोचं, खातूनचं, नाव कोरलेलं. आमचा डबा नको म्हणाले होते पहिल्याच दिवशी. आणि तो कधी रिकामा येत नाही. चिमूटभर साखर, कधी एक लिंबू, रमजानमध्ये दोन खजूर. साखर संपली असेल, दुसरं काय.

मफलर वापर. लोभ आहे, तो फोनपेक्षा पत्रातून दिसू दे.

तुझी,
श्यामलाआत्या


बंगळूर
२४ नोव्हेंबर २०२४

ति. श्यामलाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

(हे तूच शिकवलंस. नाहीतर मी सरळ ‘हाय आत्या’ लिहिणार होते.)

फ्रीजचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, सगळे खूश. शौनक, माझा टीममेट, ज्याने फिल्म एडिट केली, तो तर म्हणतो तुझ्या आत्याला स्टार करून टाकू. आमच्या साहेबांच्या बायकोला शेवटी रडू आलं म्हणे. आत्या, हेच तर मी तुला सांगत होते. काम कितीही चांगलं असो, नुसता अहवाल कोणी वाचत नाही. एका माणसाची गोष्ट दाखवली की लोक थांबून बघतात.

ऑफिसला आता दुसरी फिल्म हवी आहे. मी म्हटलं पुन्हा दादामियाँनाच घेऊ. काय चेहरा आहे गं त्यांचा! दार उघडून डबा घेतात तेव्हा त्यांचा हात थरथरतो, त्यावर मी ते वाक्य टाकलं ना, ‘या आजोबांना कुणी नाही, हा डबाच त्यांचा आधार’, तिथेच लोक फिल्म पुढे पाठवतात.

साखरेचं तू लिहिलंस म्हणून आठवलं. परत द्यायच्या डब्यात ते साखर घालतात, चिमूट सोडून बोटं झटकतात, तो शॉट मी घेतला होता. सुंदर होता. पण शौनक म्हणाला की ज्याला मदत हवी तो माणूसच काहीतरी देताना दिसला तर बघणारे गोंधळतात. म्हणून काढला. फिल्म तशी लांबतही होती.

तू त्यांना विचारून ठेव, मी डिसेंबरात येतेच. आणि हो, मफलर इथे कुणी वापरत नाही, तरी वापरते आहे.

तुझा लोभ फ्रीजमध्ये न ठेवता असाच गरम राहू दे.

तुझी,
तनया


सदाशिव पेठ, पुणे
२ डिसेंबर २०२४

चि. तनया हिस,
आशीर्वाद.

दुसऱ्या फिल्मचं विसर. दादामियाँनी डबा बंद केला. चैतालीला म्हणाले, उद्यापासून नको, आणि अगदी अदबीने दार लावून घेतलं.

मला आधी राग आला. खोटं कशाला बोलू. इतकं करतो आपण, आणि यांचे नखरे, असंच मनात आलं. चार दिवस मी गेले नाही. मग चैतालीच म्हणाली, काकू, मास्तर दोन्ही वेळा चहा-पाव खातायत. तेव्हा गेले.

दार उघडलं ते रुकसानाने. त्यांची मुलगी, सोलापूरला दिलेली. तुझ्या फिल्ममध्ये ज्यांना कुणी नाही त्यांची मुलगी, तनया. ती त्यांना रोज फोन करते हे आपल्या दोघींनाही माहीत होतं. तिने मला पाट दिला, पाणी दिलं आणि माझ्याकडे न बघता सांगितलं की सासरच्या गल्लीत एकाच्या मोबाइलवर तिने आपल्या बापाला बघितलं. शेजारणीने विचारलं म्हणे, तुझ्या अब्बांना कुणी नाही का गं? तिला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचे यजमान कासिम भला माणूस, ते म्हणाले, जा, घेऊन ये त्यांना. ती घेऊन जाणार आहे. खोली सोडणार. बायको गेली तेव्हासुद्धा त्यांनी पुणं सोडलं नव्हतं. बँडवाल्यांचे लाल कोट शिवण्यात ज्यांचा जन्म गेला, ते आता या वयात लेकीच्या दारी जाणार.

मी माफी मागितली. नीट मागताही आली नाही. फ्रीजचं काहीतरी बोलले, अजून किती जणांना डबा जाईल ते सांगत बसले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, बाई, मला वाटत होतं आपलं देणं-घेणं आहे.

एवढंच. त्यांना खरंच तसं वाटत होतं. हात थरथरतो म्हणून चूल होत नाही, ओळखीच्या एक बाई डबा पाठवतात, आपण त्यांना रिकामं भांडं परत करत नाही. मुलीलाही त्यांनी हेच सांगितलेलं होतं. शेजारधर्म म्हणून घेत होते गं, आणि आपण त्यांना चौकात उभं करून भीक घेताना दाखवलं. मंडईतल्या पोराटोरांनी फोन पुढे धरून विचारलं, मास्तर, हे तुम्हीच ना? त्याच दिवशी डबा रिकामा आला होता.

आता ऐक, हे तुझ्याच गळ्यात घालत नाही. तू फिल्म आधी मला दाखवली होतीस. साखर नाही, हे मला तेव्हाच दिसलं. मुलगी आहे हेही ठाऊक होतं. बोलणारही होते. पण शेवटी मलाच रडू आलं आणि मनात आलं, हे बघून फ्रीज येईल. आणि आला. परवानगी घेतली होती म्हणशील. त्यांनी काय म्हटलं होतं ते आठव. घ्या काय घ्यायचं ते, घरचीच मुलगी आहे.

मला रात्री घास उतरत नाही. दुसऱ्याच्या फजितीवर आपलं पुण्य उभं केलं, असं सारखं वाटतं. उत्तर लगेच लिही.

श्यामलाआत्या


बंगळूर
७ डिसेंबर २०२४

ति. आत्यास,
शि. सा. न.

वि. वि. लिहवत नाही.

पत्र ऑफिसमध्येच वाचलं आणि तशीच गॅलरीत जाऊन उभी राहिले. मी फोन करणार होते, पण तुझा आवाज ऐकायची माझी लायकी नाही असं वाटलं, म्हणून लिहिते आहे.

फिल्म काढली. ऑफिसच्या पानावरून, सगळीकडून. शौनकशी भांडले, मग भांडण थांबवलं, कारण कात्री त्याच्या हातात होती पण हो मी म्हटलं होतं. साहेबांनाही कळवलं की फिल्ममध्ये खोटं होतं. पण लोकांच्या फोनमधली कशी काढू? ज्याने ज्याने पाठवली त्याच्याकडे ती आहेच. मला वाटायचं, डिलीट केलं की गेलं. माझं सगळं शिक्षण हेच आहे ना गं, आणि माझ्याच हाताने केलेलं मला पुसता येत नाही.

मी मूळचं सगळं शूटिंग पुन्हा बघितलं. मी चार तास त्यांच्या खोलीत होते. त्यांनी मला लाल कोटाची कॉलर कशी बसवायची ते दाखवलं, रुकसाना लहानपणी मशीनखाली झोपायची ते सांगितलं, दोनदा चहा केला, थरथरत्या हाताने, बशीत न सांडता. मी मात्र थरथरणारा हात तेवढा उचलला. बाकीचं सगळं माझ्याकडे होतं, आत्या. माहीत नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही.

चैतालीकडून रुकसानाताईंचा नंबर घेतला आणि ते सगळं, न कापलेलं, फक्त त्यांना पाठवलं. वर लिहिलं, तुमच्या वडिलांना तुम्ही आहात, हे मला माहीत होतं. त्यांनी बघितलं. उत्तर नाही आलं. येऊही नये.

मी शनिवारी येते. कॅमेरा आणत नाही. तू माझ्याबरोबर यायचं नाहीस, मी एकटीच त्यांच्यासमोर जाईन. जमलं नाही तर मात्र पायरीवर येऊन थांब.

माझ्यावरचा लोभ तसाच राहील का, हे विचारायची हिंमत नाही. राहू दे.

तनया


सदाशिव पेठ, पुणे
१९ जानेवारी २०२५

चि. तनया हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तू गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते. त्या शनिवारी मी पायरीवर होते ते तू बघितलंस. तुला त्यांनी चहा दिला, नोकरी कशी चालली आहे विचारलं, थंडीचं जपायला सांगितलं. तू बाहेर आलीस ती रडत, मला वाटलं रागावले. रागावले नाहीत म्हणूनच रडलीस, हे मागाहून कळलं. चार शिव्या हासडल्या असत्या तर आपण दोघी सुटलो असतो.

ते गेले सोलापूरला, तू निघालीस त्याच आठवड्यात. मी स्टँडवर गेले नाही. कुठल्या तोंडाने जाऊ.

इकडचं सांगते. तुझे टॅब आम्ही परत कपाटात टाकणार होतो. चैताली म्हणाली, टॅबचा काय दोष? आता असं करतो. ज्याला आपली गोष्ट सांगायची असेल त्याच्यापुढे टॅब ठेवायचा आणि आपण बाहेर जाऊन बसायचं. सांगून झालं की आधी त्यांनी स्वतः बघायचं, हवी तर मुलाबाळांना दाखवायची, नको ते काढायचं, आणि ते हो म्हणतील तेव्हाच ती पुढे जाणार. शनिवार पेठेतल्या तनुजाबाई पहिल्या बसल्या. त्यांनी डब्याचं कौतुकही केलं नाही, कॅरममध्ये नवऱ्याला कसं हरवलं तेच सांगितलं, वर आमच्या आमटीत मीठ कमी असतं म्हणाल्या. ती तशीच्या तशी पाठवली. रडलं कुणी नाही. पण गल्लीतली चार माणसं विचारत आली की आमच्याकडे एका माणसाचं जास्तीचं रांधतो, ते डब्यासाठी द्यायचं का. असंही होतं तर. हे आधीच सुचलं असतं!

फ्रीज चालू आहे. उघडला की आत दिवा लागतो आणि मला त्या माणसाचा चेहरा दिसतो. दूध काढते आणि लगेच बंद करते.

आता मुख्य गोष्ट. काल कासिम आले होते, खोलीची किल्ली मालकाला द्यायला. म्हणजे मास्तर आता परत येत नाहीत. जाता जाता कासिम आमच्याकडे आले आणि एक पिशवी पुढे केली. आत डबा होता. खातूनचं नाव असलेला. मला वाटलं, मास्तरांना आता तो डबाही नजरेसमोर नको, तेवढाच संबंध संपवायचा राहिला होता. उघडला तर आत शेंगांची चटणी, काठोकाठ, चमच्याने दाबून सारखी केलेली. रुकसानाने कुटली आहे. कासिम म्हणाले, अब्बांनी निरोप दिलाय, शेवटी शेवटी बाईंना डबा रिकामा जात होता, ते मनाला लागून राहिलंय.

त्यांच्या मनाला लागून राहिलंय, तनया. त्यांच्या.

मी डबा घेऊन आत गेले. कासिम दोन दिवस इथे आहेत, उद्या सकाळी निघताना डबा घेऊन जातील. चटणी मी बरणीत काढली, डबा घासला, पुसला, ओट्यावर ठेवला. आता भरायचं काय? संक्रांत नुकतीच झाली, तिळगूळ आहे. पण तो कशाला पाठवू, गोड बोला म्हणून? लाडू आहेत, साखर तर घरात पोतंभर आहे. दोन दारांचा फ्रीज भरलेला आहे. सकाळपासून एकेक वस्तू हातात घेते आणि परत ठेवते.

दिवेलागणी झाली. डबा अजून रिकामाच आहे.

लोभ असू दे गं, मला त्याची गरज आहे.

तुझी,
श्यामलाआत्या