छप्पर उकरणारी मैत्रीण

प्रिय एस्तेर,

काल चर्चचे पाळकसाहेब घरी येऊन गेले. रविवारी तुझ्या स्मरणार्थ उपासना आहे आणि 'खरी मैत्री' या विषयावर करुणाबाईंनीच बोलावं, असं मंडळीचं ठरलंय म्हणे. मी भिडेखातर हो म्हणून बसले. आता दुपारभर कागद पुढे घेऊन बसलेय, तर एक धड वाक्य सुचत नाही. म्हटलं, जिच्यामुळे हा गोंधळ झालाय तिलाच विचारावं. सांग बाई, आपण दोघी खऱ्या मैत्रिणी होतो ना? मला खरंच कळेनासं झालंय.

नवीन पनवेलच्या या बिल्डिंगमध्ये आपण समोरासमोर राहायला आलो. पहिल्याच डिसेंबरात दोघींच्याही दारावर नाताळचा तारा लागला. तुझा माझ्याहून मोठा! तेव्हापासून तू माझ्या घरात कधी बेल वाजवून आली नाहीस.

मग जासईच्या कंटेनर यार्डातली आमच्या ह्यांची नोकरी गेली. त्यांनी घरी सांगितलं नाही. रोज इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन निघायचे, कर्नाळ्याला उतरायचे आणि संध्याकाळपर्यंत झाडाखाली बसायचे. तिथल्या पाखरांना माझी भाजी पाठ झाली असेल! मला ते कळलं होतं, तरी मी डबा भरत होते. तेवढीच त्यांची अब्रू उरली होती. हे मी जगात फक्त तुला सांगितलं. हात धरून सांगितलं, कुठे बोलू नकोस.

आणि तू काय केलंस? गुरुवारी महिला मंडळात प्रार्थनेचा विषय म्हणून मांडून मोकळी झालीस! 'आपल्या एका बहिणीच्या यजमानांची जासईची नोकरी गेलीय' म्हणे. नाव घेतलं नाहीस, मोठे उपकार! अगं, आपल्या मंडळीत जासईला जाणारा दुसरा होता कोण? रविवारी पाळकसाहेबांनी 'नोकरी गेलेल्या बांधवा'साठी मोठ्याने प्रार्थना केली, तेव्हा सगळे जण एक डोळा उघडून आमच्या बाकाकडे बघत होते. हे उठले आणि चपला घालून निघून गेले.

त्या दिवशी मी तुला काय काय बोलले! तू जिन्यात उभी राहून शांतपणे म्हणालीस, "बायबलातल्या त्या चौघांनी छप्पर उकरून आपल्या आजारी मित्राला खाटेसकट येशूपुढे सोडलं. मी नुसतं तोंड उघडलं."

"छप्पर दुसऱ्याचं होतं, एस्तेर! आणि खाटेवरच्या त्या माणसाला कुणी विचारलं होतं का, तुला सगळ्यांसमोर खाली सोडू का म्हणून?"

तू वळून आपल्या घरात गेलीस. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं.

पुढे मंडळीतल्याच एका दादांनी ह्यांना कळंबोलीच्या गोदामात लावून दिलं. हे तर तुझे भक्तच झाले. "एस्तेरवहिनी नसत्या तर मी अजून पाखरं मोजत बसलो असतो," म्हणायचे. राग फक्त माझ्याकडे उरला. आपलं बोलणं सुरू झालं, पण मनातलं मी तुझ्यापासून झाकून ठेवू लागले. तुला ते कळत होतं, नाही?

आणि एका दुपारी वाल सोलता सोलता तू म्हणालीस, "करुणा, पोटात गाठ आहे. पसरलीय म्हणतात. मी कापाकापी करून घेणार नाही. कुणाला सांगायचं नाही. मंडळीत नाही, आणि माझ्या लेकीला, सलोमीला तर मुळीच नाही."

"अगं, प्रार्थनेला तरी?"

तू हसलीस. "तू कर ना. एकटी."

त्या हसण्याचा अर्थ मला अजून लागत नाही. मोडलेला विश्वास जोडायला तू आपलं गुपित माझ्या हातात दिलंस? की ही बाई मेली तरी बोलणार नाही, हे ओळखून मला निवडलंस? की मी तुझ्यासारखंच ते फोडावं, असं तुला आतून वाटत होतं? एक शब्द तरी जास्त बोलायचास गं!

मी गप्प राहिले. आणि तू गेलीस. तुझ्या घरी कुणाचा डबा आला नाही, तुझ्या उशाशी बसून कुणी गीत म्हटलं नाही. परवा बाजारात आपली कोळीण जनाबाई माझ्यावर डाफरली, "बाय, येवरी आजारी व्हती न आमाला कुनी सांगलं नाय? आमी परके हाव का?" काय सांगू तिला? तू माझं फोडलंस आणि माझं घर सावरलं. मी तुझं राखलं आणि तू एकटी पडलीस. मग यातली मैत्रीण कोण?

येशूने शिष्यांना चाकर नाही, मित्र म्हटलं. का, तर बापाकडून ऐकलेलं सगळं त्याने त्यांना सांगितलं म्हणून. म्हणजे मैत्री म्हणजे सांगणं, असं धरायचं? पण ज्या शिष्याने त्याला शत्रूंच्या हाती धरून दिलं, त्यालाही बागेत तो 'मित्रा'च म्हणाला! आता मी यातून काय समजायचं? पाळकसाहेबांना विचारायची सोय नाही. ते म्हणतील, रविवारी हेच बोला.

सलोमी तुझं कपाट आवरतेय. काल मला म्हणाली, "मावशी, नाताळात आईने माझी एकही करंजी खाल्ली नाही. मी भांडले तिच्याशी. रागारागाने लवकर निघून गेले नाशिकला. आईला तेव्हा माहीत होतं का?"

मी म्हटलं, "चहा टाकते." अशी मी!

कारण त्या करंज्यांचा डबा माझ्या कपाटात आहे, एस्तेर. ती गेल्यावर, परत आली तर मोडक्या करंज्या बघून तिला संशय नको, म्हणून तू त्या माझ्याकडे आणून ठेवल्यास. रोज दुपारी यायचीस, एक मोडायचीस आणि चिमूटभर सारण जिभेवर ठेवायचीस. गिळवत नव्हतं तुला. "पोरीने वेलची छान घातलीय," म्हणायचीस. दोन करंज्या अजून उरल्यात. तेलाचा वास यायला लागलाय, पण मला टाकवत नाहीत.

ती पोर आयुष्यभर समजणार की आईने तिच्या हातचं नाकारलं. हे मला बघवणार नाही. मला ठाऊक नाही हे बरोबर की चूक. तू नको म्हणाली होतीस, स्पष्ट म्हणाली होतीस. पण तुला वचन देते, आज दिवेलागणीला मी तो डबा घेऊन तुझ्या घरी जाणार आणि सलोमीला सगळं सांगणार. 'एक बहीण' वगैरे नाही, तुझं नाव घेऊन. रविवारचं रविवारी बघू.

आता रुसायची पाळी तुझी. हवं तेवढं रुस. फक्त मी तिकडे येईन तेव्हा दार लोटलेलं ठेव. मी बेल वाजवणार नाही.

तुझं छप्पर उकरायला निघालेली,
करुणा