डोंगराला लागला असे कळल्यास

मी इप्कु-शाला, मुद्रा कोरणाऱ्या अवील-अद्दूचा धाकटा मुलगा, राहणार सिप्पर, कालव्याची गल्ली. शुद्धीत आहे, ताप नाही, सकाळपासून जवाची दारू प्यायलेलो नाही. मंदिरासाठी काळा दगड आणायला तांड्याबरोबर डोंगराळ मुलखात जात आहे, म्हणून ही मातीची पाटी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शाळा अर्ध्यावर सुटली असली तरी प्रत्येक अक्षर पुन्हा तपासले आहे.

मी न परतल्यास घर, अंगण आणि त्यातले खजुराचे झाड माझी बायको नरामतानी हिचे. या घराची आईही तीच आणि बापही तीच. थोरला भाऊ वराद-कुब्बी याने तिला उंबऱ्याबाहेर काढू नये, आणि "धाकट्याची बायको आता माझ्या घरात" असे तर मुळीच म्हणू नये. तिने दुसरे लग्न केले तर ते तिच्या मर्जीच्या माणसाशी.

गिरमिटे, कानशी आणि घासायची वाळूही तिचीच. विकावीत, पण दादाला नव्हे. तो काम करता करता कांदा खातो आणि बोटे मुद्रेवरच्या देवाच्या चेहऱ्यावर पुसतो. त्याने वापरलेल्या घासायच्या चामड्याला अजून वास येतो. ते जाळावे.

दादाला न विकण्याचे खरे कारणही लिहून ठेवतो. वडिलांनी शिकवले होते की मुद्रेवर पाण्याच्या देवाच्या पायाखाली खवल्यांसारखी नक्षी असते तो डोंगर, एकामागे एक माथे. देवाच्या खांद्यांवरून सुटतात त्या नद्या, आणि मासे त्या धारांत. पाणी डोंगरातून सुटते, म्हणून देवाचा पाय डोंगरावर. दादाने त्या डोंगराला शेपूट काढली. वरून डोळाही.

"दादा, हा डोंगर आहे."

"खवलं दिसतायत ना? मग मासाच. पाण्याचा देव, खाली मासा. गिऱ्हाईक खूश आहे, तू कशाला रडतोस?"

"माशावर उभा राहिला तर देव घसरेल."

"घसरू दे की! तुझा काय सासरा लागतो?"

असले मासे त्याने गावभर विकले. लोक ते गळ्यात घालतात, करारांच्या ओल्या मातीवर फिरवून ठसा उठवतात. आमच्या पेटीत उरलेले कुटून वाळूत मिसळावेत.

सूर्यदेवाची अर्धवट मुद्रा तशीच ठेवावी. दोन्ही डोंगर झाले आहेत, मधून देव वर यायचा आहे. दादाने हात लावू नये.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे माणूस मेला की "डोंगराला लागला" म्हणतात. मी तर खरोखरच डोंगराला लागणार आहे. दादा आत्तापासूनच छातीवर हात ठेवून गल्लीत सांगतो, "धाकटा चालला बरं का डोंगराला," आणि हसतो. काल तो आमच्या दाराची रुंदी दोरीने मोजत होता, स्वतःची खाट आत जाईल का ते पाहायला. तेव्हा तसा निरोप कोणी आणला तर त्याला दारातच विचारावे, "चालत लागला की झोपून?" नीट उत्तर येईपर्यंत मी जिवंत आहे. या पाटीचे मातीचे पाकीट फोडू नये, माझे अंथरूण कोणाला देऊ नये.

सिप्पर, अय्यारू महिना, नव्या कालव्याला पाणी सोडले ते वर्ष. सूर्यदेव शमशासमोर वाचून दाखवले.

साक्षीदार न्हावी इली-तुराम, मुद्रा फिरवली.

साक्षीदार शेजारी एतेल-पीशा, मुद्रा फिरवली.

साक्षीदार थोरला भाऊ वराद-कुब्बी. मुद्रा घरी राहिली, म्हणाला. नरामतानी म्हणाली, "भावोजी, नख तर बरोबर आणलंय ना? माती वाळतेय."

मुद्रेच्या जागी त्याचे नख उमटले आहे.