फणसाखाली धरलेला हात

मी, शांतवन दाविद उजागरे, वय ७८, निवृत्त टर्नर, राहणार खरवई, बदलापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. कानांनी कमी ऐकू येते. पण ते तरुणपणीही येत नव्हते, असे माझी दिवंगत पत्नी मार्था म्हणत असे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते.

१. अंबरनाथच्या कारखान्यात वापरलेली माझी हत्यारे मुलगा अक्षय याला द्यावीत. वापरली नाहीत तरी चालेल, तेल मात्र लावावे.

२. आमच्या चर्चच्या मंडळीच्या रविवारच्या शाळेसाठी लिहिलेल्या ‘सृष्टीतले धडे’ या अकरा वह्या शाळेस द्याव्यात. मुंगीकडून उद्योग, चिमणीकडून निश्चिंती, मोहरीच्या दाण्याकडून विश्वास. त्यातले फणसाच्या धड्याचे पान मी फाडले आहे. तो धडा मी चुकीचा शिकवला, म्हणून इथे लिहितो.

अंगणातला फणस मार्थाने लावला. बारा वर्षे फळ नव्हते. शेजारी कोंडाजींनी झाडाला धाक घालण्याची त्यांच्याकडची रीत सांगितली: एकाने कुऱ्हाड उगारायची, दुसऱ्याने हात धरून म्हणायचे, “थांब, पुढल्या साली धरील.” मला तर येशूच्या दृष्टान्तातले निष्फळ अंजीर आणि मालकाकडे त्याच्यासाठी आणखी एक वर्ष मागणारा माळीच दिसला! चर्चच्या सुगीच्या सणाला सारी मंडळी अंगणात बोलावली. हात धरायला कोंडाजी यायचे होते. ते भात झोडण्यात अडकले. मी कुऱ्हाड उगारून ओरडलो, “फळ नाही, तर जागा कशाला अडवायची?” कोणी पुढे येईना. शेवटी सून प्रीती आली. लग्नाला सात वर्षे, मूल नाही. तिने माझा हात धरला. “पप्पा, अजून एक वर्ष द्या ना.”

आणि मी, अरे देवा, चारचौघांत म्हणालो, “तुला त्याचा कळवळा येणारच.” लोक हसले. मी हात सोडवून खोडावर एक घाव घातला.

हसण्यात मंडळीतले हिंदुराव पुढे होते. माझ्या अंत्यविधीत त्यांनी प्रार्थना करू नये. बरे, करावी, पण छोटी. हसवले मीच होते.

संध्याकाळी कोंडाजी आले. म्हणाले, “आरं शांतू, तिनं हात धरला ना? मंग कुराड खाली ठेवायची व्हती. रीत तीच हाय.” दिव्याखाली अंधार, दुसरे काय! त्याच आठवड्यात अक्षय-प्रीती उल्हासनगर कॅम्प २ ला राहायला गेले. त्याला पाच वर्षे झाली.

पुढच्या उन्हाळ्यात घावाच्या वरच तीन फणस लागले. मंडळी म्हणाली, देवाची करणी म्हणून चर्चमध्ये साक्ष द्या. मी दिली नाही. फळ नव्हते तेव्हाही मार्था त्याच्याच सावलीत तांदूळ निवडायची, हे मी कधी शिकवलेच नव्हते.

३. स्वकष्टाचे घर व अंगण सून प्रीती हिच्या एकटीच्या नावे करतो. मूल आहे की नाही, हे कोणी विचारू नये. फणस तोडू नये, फळ येवो न येवो.

४. कुऱ्हाड कोंडाजींना दिली असती. पण साक्षीदाराला काही देता येत नाही, असे वकील तेजलताई म्हणतात. भंगारात घालावी.

५. प्रीतीने घर नाकारले, तर तेजलताईंनी वर्षभर थांबून पुन्हा विचारावे. तेव्हाही नाकारले, तर आणखी एक वर्ष.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, हे ठाऊक आहे. तरी एक प्रत आजच कॅम्पात पाठवतो. पोरी, तुझ्या जिन्यापाशी दोनदा आलो, खालूनच परतलो. माझे चुकले. जमले, तर मलाही अजून एक वर्ष दे.

सही: शां. दा. उजागरे
साक्षीदार: १. कोंडाजी (अंगठा) २. यशोधरा साळवे, शेजारी
स्थळ: खरवई, फणसाखाली
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५