डावा सुळा

सांगली, ९ डिसेंबर १९७४

विनोदी भुताच्या सिनेमासाठी रक्तपिशाच्चाचे सुळे साबणाच्या डबीतून कोरले, झगा शिवला, काकवीत कुंकू कालवून रक्त केले. सगळे माझ्या हातचे. डावा सुळा तेवढा सैल.

आज टॉकीजमध्ये सिनेमा पाहिला. पडद्यावर तो पडला. पिशाच्च रांगत शोधू लागले, पब्लिक हसून लोळले. मला मात्र हसू येईना. आजारी बायकोला आमटी भरवताना सुळे लावून दाखवले होते, तेव्हा हाच वाटीत पडला. "आवं, भुताचंबी दात पडाय लागलं!" डोळे पुसत हसली. ते तिचे शेवटचे हसणे. म्हणून सुळा घट्ट केलाच नाही. मी, आणि सैल काम!

भूत दात शोधते तेवढा वेळ माणूस मरण विसरतो. म्हणून का लोक येतात?

पुढच्या सिनेमासाठी निर्माते हेच सुळे मागत होते. नाही म्हटले. अडीचशे रुपये देत होते.